डावा घोटा

नव्वदीच्या दशकात आमची बटालियन काश्मीरमध्ये ताबारेषेजवळ होती. मी लान्स नाईक, सिन्नर तालुक्यातला. माझ्याच सेक्शनमध्ये शिपाई अभिमन होता, देवळ्याकडचा, कांदा पिकवणाऱ्या घरातला. पोस्टवरचा दिनक्रम ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज, मग चहा, मग पेट्रोल, म्हणजे गस्त. परत आल्यावर बूट काढून फूट इन्स्पेक्शन. सेक्शन कमांडर प्रत्येकाच्या बोटांच्या बेचक्यात वाकून बघायचा. अभिमनच्या पायांना वास भयंकर. तो तळवे पुढे करून विचारायचा, "उस्ताद, अगरबत्ती लावू का?" आम्ही हसायचो. उस्तादही हसायचे, पण पाय बघितल्याशिवाय सोडायचे नाहीत.

एका सकाळी पेट्रोलवर असताना नाल्याच्या पलीकडून फायर आला. अभिमनला पोटात गोळी लागली. आम्ही आडोसा घेऊन उलट फायर केला. थोड्या वेळाने समोरचं शांत झालं. रेडिओ माझ्याकडे होता.

"वन कॅज्युअल्टी. सीरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"हेलिकॉप्टर नहीं आएगा. मौसम बंद है. रोड तक नीचे लाओ. ओव्हर."

"रॉजर. आउट."

चौघांनी स्ट्रेचर उचललं, बाकीचे कव्हर देत होते. उतार उभा आणि दगड सुटे. निम्म्यात माझा डावा पाय दोन दगडांमध्ये अडकला आणि अंग पुढे गेलं. घोट्यात कडकन आवाज झाला. बदलीला माणूस नव्हता. मी लेस आवळली आणि दांडा पुन्हा खांद्यावर घेतला. आम्ही जवळजवळ पळतच खाली आलो. रस्ता दिसायला लागण्याच्या जरा आधी अभिमन गेला.

मी प्लास्टरमध्ये होतो, त्यामुळे त्याच्या गावी मला जाता आलं नाही. शवपेटीबरोबर दुसरे गेले. घरच्यांना सांगण्यात आलं की तो जागीच गेला, त्याला त्रास झाला नाही. असंच सांगायची पद्धत आहे, आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो.

हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी घरी आलो आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत गेटवर सिक्युरिटीला लागलो. बारा तास उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत घोटा सुजून बुटाच्या बाहेर यायचा. तेल झालं, शेक झाला, गोळ्या झाल्या. गावातल्या एका हाडवैद्याने पाय धरून ओढला, तेव्हा मी त्याला फौजेतल्या सगळ्या शिव्या ऐकवल्या. लोक म्हणायचे, हवालदार, ही देशसेवेची निशाणी आहे. मला या बोलण्याचा वीट आला होता. ज्याचं दुखतं त्याला निशाणी नको असते, झोप हवी असते.

मग देवळ्याकडून सरपंचांचा फोन आला. शाळेच्या मैदानात अभिमनचं स्मारक बांधलं होतं. पुष्पचक्र मी वाहावं अशी त्याच्या आईची इच्छा होती. रांगेतून एकट्याने चालत जायचं, सलामी द्यायची, परत यायचं. मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर घोट्याकडे बघितलं. आजवर अभिमनच्या मायला भेटलो तो जीपमधून थेट दारात उतरून, खाटेवर बसून. माझं लंगडणं तिने पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर विचारलं असतं. आणि पाय कसा मोडला हे सांगायला लागलो असतो, तर अभिमन किती वेळ जिवंत होता हेही सांगावं लागलं असतं.

म्हणून मी नाशिकला एका कायरोप्रॅक्टर बाईंकडे गेलो. औषध नाही, इंजेक्शन नाही, हातांनी सांधे मोकळे करणाऱ्या. त्यांनी आधी एक्स-रे मागितला. तो बघेपर्यंत पायाला हात लावला नाही, तिथेच माझा विश्वास बसला. मग म्हणाल्या, "काका, जरा चालून दाखवा."

मी चाललो.

"तुम्ही दुखऱ्या पायावर भारच देत नाही. घोटा आखडलाय, त्याच्या पुढचे छोटे सांधे आखडलेत, आणि त्यांचं काम तुमची कंबर करतेय."

"बरा होईल?"

"जे तुटलंय ते नवं होणार नाही. जे आखडलंय ते सुटेल. मला काय करायचंय ते सांगा."

"सरळ चालायचंय. थोडंच, पण सरळ."

त्या टाच एका हातात धरायच्या, दुसऱ्या हाताने पाऊल हळूहळू फिरवायच्या आणि अंदाज आला की एक छोटा, झटपट दाब द्यायच्या. टक् व्हायचं. घरी करायला व्यायाम दिले. पायाच्या बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करायचा, भिंत धरून एका पायावर उभं राहायचं. बायको म्हणायची, "आता तेवढी भांडीबी पायानंच घासा, मला लय आराम पडंल." आठवड्यामागून आठवडे मी ड्युटी संपवून एसटीने नाशिकला जात राहिलो. थकवा इतका यायचा की परतीच्या गाडीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. पण सूज कमी झाली आणि पाऊल पूर्ण टेकायला लागलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पुष्पचक्र घेऊन सरळ चालत गेलो. सॅल्यूट केला. मग पीछे मुड, म्हणजे जागच्या जागी मागे वळायचं. बाईंना मी चालणं सांगितलं होतं, हे वळणं सांगायचं राहिलं होतं. डाव्या चवड्यावर वळताना घोटा लचकला, तोल गेला आणि मी कसाबसा सावरलो. गावाला काही कळलं नाही. पुढच्या खुर्चीवर बसलेल्या मायला कळलं.

तिने मला हाताने बोलावून शेजारी बसवलं. "पायले काय व्हयनं रे भाऊ?"

"जुनं आहे माय. स्ट्रेचर घेऊन पळत उतरताना मुरगळला."

"कोनं स्ट्रेचर?"

मी वाकून बुटाची लेस सारखी करायला लागलो.

"अभिमननं?"

"हो, त्याचंच."

ती माझ्या घोट्याकडे बघत राहिली. "मरेल माणूसले कोनी पयत लयी जास का? तो जित्ता व्हता."

खोटं बोलायचं माझ्यात त्राण उरलं नव्हतं. "हो माय. रस्त्याजवळ येईपर्यंत होता."

ती रडेल असं मला वाटलं. तिने माझं मनगट घट्ट धरलं. "पानी मांगं का त्यानी?"

"मागितलं."

"दिधं?"

पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नसतं. पेट्रोलबरोबरच्या नर्सिंग असिस्टंटने तसं बजावलंही होतं. पण शेवटी तोही मान फिरवून उभा राहिला होता. "दिलं माय. मीच दिलं. माझ्या बाटलीतलं, दोन घोट."

तेव्हा ती रडली. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. "इतला वरीस मी म्हनू, मन्हा पोऱ्या बिनपानीना गया."

आम्ही तिला त्रास नको म्हणून जागीच गेला असं सांगितलं होतं, आणि इतकी वर्षं तिला नेमका त्याचाच त्रास होत होता. मला आमच्या त्या पद्धतीची लाज वाटली.

"उठ," ती म्हणाली. "सगळासले सांग."

सरपंचांचं भाषण चालू होतं. मी लंगडत माईकपाशी गेलो, लपवायचं काही राहिलं नव्हतं. सरपंच बाजूला झाले. मी सावधान उभा राहिलो आणि म्हणालो, "शिपाई अभिमन जागीच गेला नाही. आम्ही त्याला खाली आणत होतो. त्याने पाणी मागितलं आणि पाणी पिऊन तो गेला."