‘नाही’च्या चौकोनातली फुली

चूक तशी बारीक होती. समोर दोन चौकोन होते आणि मी चुकीच्या चौकोनात फुली मारली. फॉर्म बायकोचा, नोकरी बायकोची, पगारही बायकोचाच होणार होता. पेन तेवढं माझं होतं.

आम्ही डच मुलखात, फोरबर्ग गावी राहतो. बायको इथे आली ती माझ्या व्हिसावर, डिपेंडंट म्हणून. पुण्यात एका कारखान्याचा अख्खा खरेदी विभाग सांभाळणाऱ्या बाईला इथे कार्ड मिळालं, त्यावर तिची ओळख काय, तर माझी बायको. मग तिने डचचे क्लास केले, परीक्षा दिल्या आणि शेवटी कुंड्या अन् बागेचं सामान विकणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात आठवड्यातून तीन दिवसांची नोकरी मिळवली. त्या रात्री तिने श्रीखंड केलं. मी मोठ्या मनाने म्हणालो, कागदपत्रं मी बघतो.

इथे सांगायला हवं की आमच्या मराठी मंडळात मी करतज्ज्ञ समजला जातो. गणपतीत आरती झाल्यावर आणि जेवण मांडायच्या आधी, म्हणजे भुकेपोटी कुणालाच उठून जाता येत नाही अशा वेळी, मी नव्याने आलेल्यांना कर कसा वाचवावा याच्या स्लाइड दाखवतो.

तर त्या फॉर्मवर एक प्रश्न होता: लोनहेफिंग्सकोर्टिंग लावायची का? हा शब्द उच्चारेपर्यंत चहा निवतो, पण अर्थ सोपा आहे. सरकार प्रत्येक कमावत्या माणसाला करात काही सवलत देतं. ‘हो’ म्हटलं की कंपनी दर महिन्याला कर कमी कापते, ‘नाही’ म्हटलं की भरपूर कापते. खाली लिहिलं होतं की ही सवलत एका वेळी एकाच ठिकाणी घेता येते.

म्हणजे एखाद्याच्या दोन नोकऱ्या असतील तर त्याने ती एकाच नोकरीत घ्यावी. हे कुणालाही कळेल. तज्ज्ञाला वेगळं कळलं. घरात रेशन कार्ड एक, गॅसचं कनेक्शन एक, तशी घरटी सवलतही एक, आणि ती कुटुंबप्रमुखाच्या पगारात चालूच होती. मी ‘नाही’वर ठसठशीत फुली मारली.

“बघू, वाचते मी,” बायको म्हणाली.

“सही तेवढी कर गं. वाचण्यासारखं काही नाही त्यात.”

जानेवारीअखेर पहिला पगार आला. तिने मोबाइलवरचा आकडा माझ्यापुढे धरला.

“एवढाच?”

“सोशल सिक्युरिटी,” मी म्हणालो. “म्हातारपणी सरकार बघतं ना इथे.”

“म्हातारपणापर्यंत जगायला काहीतरी लागेल की.”

वर्षभर हे असंच चाललं. ती दर महिन्याला पगारातून मुलीची शाळेनंतरच्या पाळणाघराची फी वजा करायची आणि उरलेल्या रकमेकडे बघून म्हणायची, “सायकलचं पंक्चर निघेल.” मी समजूत काढायचो की नोकरी पैशासाठी नसते, समाधानासाठी असते. माझी स्वतःची नोकरी कशासाठी आहे हे तिने विचारलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

पुढल्या मार्चमध्ये ती शांतपणे म्हणाली, “मी सोडते. तीन दिवस पोरीला दुसऱ्यांकडे ठेवायचं, पावसात सायकल हाणायची, आणि हातात काय? हिशेबच बसत नाही. घरी बसते परत.”

‘घरी बसते’ म्हणताना ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाईट वाटलं. पण मी तज्ज्ञ असल्यामुळे राजीनाम्याच्या पत्रातलं डच तपासून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती पत्र घेऊन गेली आणि संध्याकाळी ते परत घेऊन आली. ओला रेनकोटही न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

“आमच्या पगार बघणाऱ्या बाईने माझी स्लिप काढली. म्हणाली, तुझी दुसरी नोकरी आहे का?”

“मग?”

“म्हटलं, आहे. घरी. पण तिथे पगार मिळत नाही.”

मी हसलो. ती हसली नाही.

“ती म्हणाली, मग सवलत का नाकारलीस? मी म्हटलं, नवरा घेतो ना. तर तिने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, अगं, त्याची त्याला, तुझी तुला. यात नवऱ्याचा काय संबंध?”

मी खुर्चीत थोडा खाली सरकलो. मुलगी टेबलावर चित्र रंगवत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र डच. मान वर न करता तिने डचमध्ये विचारलं, “बाबाने चूक केली का?” आईने मराठीत सविस्तर उत्तर दिलं.

मला आणखी एक गोष्ट आठवली. हाच सल्ला मी मंडळातल्या दोन घरांना फुकट वाटला होता. त्यांना फोन केले, आणि त्यानंतर माझ्या स्लाइडची मागणी घटली.

बायकोने नवा फॉर्म स्वतः भरला, स्वतः वाचून. पण राजीनामा फाडला नाही. पिझ्झावाल्याच्या चुंबकाखाली फ्रिजवर लावला. “गेल्या वर्षी जास्त कापलेलं खरंच परत मिळालं तर बघू,” ती म्हणाली. दूध काढायला गेलो की ते पत्र माझ्याकडे बघायचं. मी काळी कॉफी प्यायला लागलो.

मग आम्ही दोघांनी मिळून कराचं विवरणपत्र भरलं. कंपनीने महिन्याला कापलेला कर ही नुसती आगाऊ उचल असते. खरा आकडा वर्ष संपल्यावर ठरतो, आणि जास्त कापलं असेल ते परत येतं. पडेल ते दान आपल्या बाजूने वळवावं म्हणून मी अवलंबून असलेल्या माणसांचा रकाना शोधू लागलो. मुलगी घालायची होती, पुण्यातली आई घालायची होती, जमल्यास बायकोही.

“सापडला?”

“नाही. या देशात माझ्यावर कुणी अवलंबूनच नाही.”

“बरं झालं, कळलं.”

मुलीमुळे एक सवलत मिळाली खरी. घरात बारा वर्षांखालचं मूल असेल आणि आई-बाप दोघं कमावत असतील तर ती मिळते. पण मिळते दोघांतल्या कमी कमावणाऱ्याला. म्हणजे वर्षभर ज्या पगाराला पंक्चरचा पगार म्हणत होतो, त्याच्यामुळेच. बायको घरी बसली असती तर ही सवलतही गेली असती.

जूनमध्ये करखात्याची दोन निळी पाकिटं आली. माझ्या पाकिटात मी थोडं देणं लागतो असं सौजन्याने कळवलं होतं. तिच्या पाकिटात परत येणारी रक्कम होती, चारेक पगारांइतकी. तिने आकडा दोनदा वाचला, खुर्चीत बसली, आणि मला वाटलं आता रडणार. ती उठली, फ्रिजवरचं पत्र काढलं, चार तुकडे केले आणि जुन्या कागदांच्या खोक्यात टाकले.

आठवड्याने त्याच चुंबकाखाली दुसरा कागद लागला. कंपनीने तिला चौथा दिवस दिला होता, बुधवार. बुधवारी आमच्या मुलीची शाळा दुपारीच सुटते आणि पाळणाघरात त्या दिवशी जागा नव्हती. कागद शाळेचा होता: मुलीला न्यायला कोण येणार.

एरवी बायको मला ‘अरे’ म्हणते. ‘अहो’ आलं की मी सरळ बसतो.

“अहो,” ती पेन पुढे करत म्हणाली, “दर बुधवारी तुमचं नाव घातलंय. सही तेवढी करा. वाचण्यासारखं काही नाही त्यात.”