भागीनं मागितलेला रस्सा

हातखंब्याच्या अलीकडे आमच्या गावची शीव संपते, तिथपर्यंत बापूस माझ्याबरोबर चालत आला. माझं बोचकं त्याच्याच डोक्यावर होतं. शिवेवर थांबून ते त्यानं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाला, "राखणदाराला सांगितलंय. हितपत्तर तो बघील. पुढं तुझं तू बघ." एवढं बोलून तो मागं फिरला. रडणं-बिडणं आमच्या घरात नव्हतं. मी रत्नागिरी बंदरापर्यंत चालत गेलो, पडावातनं बोटीवर चढलो, मुंबईला उतरलो आणि तिथनं रेल्वेनं घाट चढून इगतपुरीला इंजिनाच्या शेडात कामाला लागलो. सन एकोणीसशे वीस-बावीस उलटून गेलं होतं तेव्हा.

आता तुम्ही गावची मंडळी निरोप धाडता, घर शाकारून ठेवलंय, म्हाताऱ्यानं परत यावं. मुंबईला गेलेले आपले लोकसुद्धा म्हणतात, पेन्शन घेऊन बसला आहे, तिकडं त्या थंडीत काय ठेवलंय? तर सांगतो. शाळा मी दुसरीतच सोडली, तरी हे माझ्या हातानं लिहितोय. सुट्टीला आलेला नातू म्हणाला, आजोबा, मी नीट लिहून देतो. म्हटलं, तुझं नीट तुझ्यापाशी ठेव.

तुमच्यातल्या पुष्कळांना राखण नीट ठाऊक नसेल, म्हणून आधी ती सांगतो. भात झोडून झालं, मार्गशीर्ष लागला, की वाडीची राखण. वाडीवर, गुराढोरांवर, पिकावर नजर ठेवणारा तो राखणदार. त्याला वर्षातनं एकदा कोंबडा द्यायचा. कातळाखाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला सगळे पुरुष जमायचे. वाडीतला जाणता माणूस गाऱ्हाणं घालायचा आणि बाकीचे एका आवाजात "व्हय महाराजा!" म्हणायचे. मग तिथंच तीन दगड मांडून रस्सा करायचा. कोंबडा एक आणि खाणारी अख्खी वाडी, त्यामुळं रस्सा पातळच. नारळाच्या कवडीतनं, म्हणजे करवंटीतनं, तो भुरके मारत प्यायचा. थंडीच्या दिवसांत तो पोटात गेला की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. राहिलेला घरी आणायचा नाही, तिथंच संपवायचा. आणि बाईमाणसाच्या तोंडी तर तो जायचाच नाही. रस्सा करण्याचा मान आमच्या घराकडं होता. बापसाकडनं तो हात माझ्याकडं आला, आणि त्याचा मला अभिमान होता. अजून आहे.

इगतपुरीला लागल्यावरही मी दर मार्गशीर्षात रजा काढून राखणीला गावी जायचो. शेडातला फोरमन खेकसायचा, "तुझा देव दर साल एकच कोंबडा खातो काय? एक साल भुका नाय राहत?" मी ऐकून घ्यायचो आणि निघायचो. इगतपुरीत पगार होता, पण जमीन आपली वाटायची नाही. तिथं मी देवाबिवाचं काही केलं नाही. म्हटलं, पोट इथं, बाकी सगळं गावाला.

माझ्यासारखेच कितीतरी होते. त्यांच्या बायका गावाला, ते मुंबईला. शिमग्याला भेट, गणपतीला भेट, आणि मग एकदम म्हातारपणी. मला तसं करायचं नव्हतं. तिसाचं साल मागं पडल्यावर मी भागीला, म्हणजे बायकोला, बरोबर घेऊन आलो. क्वार्टर म्हणजे एक खोली आणि मागं हातभर अंगण. माझी आईस म्हणाली, "पोरगी तिकडं टिकायची नाय." मी म्हटलं, टिकवीन.

पहिला पाऊस तिनं काढला. थंडी मात्र तिला काढवेना. आपल्याकडं थंडी म्हणजे काय? पहाटे शेकोटी, आणि ऊन कातळावर आलं की संपली. इगतपुरीची थंडी भिंतीतनं येते. पाण्याला हात लावला की बोटं आपली राहत नाहीत. पहिल्याच मार्गशीर्षात भागीला थंडीतापानं धरलं. त्या वर्षी मी राखणीला गेलो नाही. ताप उतरला, पण तिचं अन्न तुटलं. शेजारची नाशकाकडची बाई मायेनं बाजरीची भाकरी आणायची. भागी तुकडा मोडायची, हातात धरून बसायची आणि ती गेली की खाली ठेवायची. पेज केली तर पेजेचं वरचं पाणी तेवढं. बोलणंही आटलं. गावाकडची भागी दगडी गडग्यापलीकडच्या बाईशी बोलायला लागली की चुलीवरचा भात लागायचा.

पौषात तिचा थोरला भाऊ सखाराम आला. नारळ, सोलं, कुळथाचं पीठ असं पोतंभर घेऊन आला आणि बहिणीचं तोंड बघून दारातच उभा राहिला.

"भावोजी, हिचं हे काय करून ठेवलंत?"

"मी केलं? थंडीनं केलं."

"तर मग मी हिला घेऊन जातो. उद्याच्या गाडीनं."

"माझी बायको आहे. मी बघीन."

"बघताय तेच दिसतंय की!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याचं खोटं नव्हतं. हाडं तिचीच वर आली होती. मला ठाऊक होतं, या वेळी गेली की ती परत यायची नाही. तिची आई पाठवायची नाही, माझी आईस पाठवायची नाही, आणि मीही इतरांसारखा शिमग्याचा नवरा होऊन बसेन. सखाराम तिच्या उशाशी बसला. "बाय गो, काय खाशील? मागशील ते करतो."

भागीनं पुष्कळ वेळानं डोळे उघडले. भावाकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "राखणीचा रस्सा."

सखारामनं कानाला हात लावला. "काय तरी बोलू नको गो! बाईमाणसाला चालत नाय तो."

"ठाऊक हाय मला. पोरी होतो तेव्हापासून कुंपणाआड उभ्या राहून वास घेतलाय. मसाला आम्ही वाटायचा नि रस्सा तुम्ही प्यायचा. मिशा पुसत घरी यायचात ते काय दिसायचं नाय आम्हाला?" एवढं बोलून तिला दम लागला. कितीतरी दिवसांत ती एवढं बोलली नव्हती.

मी अंगणात जाऊन उभा राहिलो. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. बापूस ऐकेल तर काय म्हणेल, हे पहिलं मनात आलं. मग म्हटलं, गावची राखण गावच्या राखणदाराची, त्याची शीव हातखंब्याशी संपली. इथला कोण आहे ते मला माहीत नाही, आणि त्याच्या नियमात काय बसतं तेही माहीत नाही. मग मनाई करणारा मी कोण? पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. इथं कोंबडा दिला म्हणजे ही जागा आपली म्हणून कबूल करणं आलं. ते मी इतक्या वर्षांत केलं नव्हतं. बाईला इथं राहा म्हणायचं आणि स्वतः मात्र पाय गावाकडं करून झोपायचं, असं चाललं होतं माझं. पायताण घातलं आणि बाजारातनं कोंबडा आणला.

मसाला वाटायला घरात दुसरी बाई नव्हती. आम्हा दोघा पुरुषांना ते काम कुठलं येतंय? मी पाट्याशी बसलो. निखाऱ्यात भाजलेला कांदा, विस्तवावर काळी केलेली नारळाची भकलं, धणे, मिरी, लवंग, दालचिनी, सुकी मिरची. वाटता वाटता खांदे भरून आले. भागी आतनं म्हणायची, "दाखवा." मी बोटावर घेऊन दाखवायचो. ती म्हणायची, "रवाळ हाय. आणखी." असं किती वेळा झालं. सखाराम भिंतीला टेकून हसत होता. "भावोजी, राखणीचा मान तुमचा, पण पाट्याचा हिचा हो!"

गाऱ्हाणं घातल्याशिवाय कोंबड्याला हात लावायचा नसतो. मी मागच्या अंगणात तीन दगड मांडले. ऊन कलतं होतं आणि डोंगराकडनं गार वारा सुटला होता. भागी घोंगडी गुंडाळून उंबऱ्यावर येऊन बसली. मी म्हटलं, आत बस, वारा लागेल. बसली ती बसलीच. मी हात जोडले.

"बा महाराजा, तू कोण, कुठला, मला ठाऊक नाय. तुझं नाव मला कोणी सांगितलं नाय. इतकी वर्षं तुझ्या जमिनीवर राहिलो, तुझं पाणी प्यालो, आणि तुला काय दिलं नाय. आज देतोय, ते गोड मानून घे. ही माझी बायको खाली कोकणातनं आणलीय. हिला इथं रुजू दे, महाराजा!"

आता इथं "व्हय महाराजा" यायला पाहिजे. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. मी सखारामकडं बघितलं. त्यानं तोंड फिरवलं. बहिणीला इथं रुजवण्याच्या गाऱ्हाण्याला तो कशाला हुंकार देईल? त्याच्या मनात उद्याची गाडी होती. मी तसाच हात जोडून उभा. शेडातनं एक इंजिन वाफ सोडत होतं, तेवढाच आवाज.

आणि उंबऱ्यावरनं भागी म्हणाली, "व्हय महाराजा."

आवाज बारीक होता. पण म्हणाली. बाईनं कधी हुंकार दिल्याचं मी ऐकलं नव्हतं, सखारामनंही नव्हतं. त्याची मान खाली गेली. मग तोही पुटपुटला, "व्हय महाराजा," आणि डोळे पुसत लाकडं आणायला गेला.

रस्सा मी बापूस करायचा तसाच केला. आधी हळद-मीठ, आलं-लसूण लावून कोंबडा तेलावर परतला. झाकणीत पाणी ठेवून तो वाफेवर शिजू दिला आणि तेच गरम पाणी आत ओतलं. मग मसाल्याचं वाटप घातलं. हाताला सवय अख्ख्या वाडीची, त्यामुळं पाणी भरपूर पडलं. सखाराम टोपात डोकावून म्हणाला, "भावोजी, कोंबडा बुडून मेला काय?" भागी हसली. घोंगडीत तोंड लपवून हसली, पण मी बघितलं.

कवडीतनं पहिला भुरका तिनं मारला. आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. तिनं डोळे मिटले, गिळलं. मग म्हणाली, "एवढ्यासाठी लपवत होतात होय? मीठ कमी हाय." आणि कवडी पुढं केली. मी पुन्हा भरली. तिच्या नाकावर घाम आला. एवढ्या थंडीत घाम!

उरलेला रस्सा घरात न्यायचा नाही, हे मी सोडलं नाही. मग तिनंच शेजारच्या बाईला हाक मारली. ती बाजरीच्या भाकऱ्या घेऊन आली, त्यात कुस्करून भागीनं चार घास खाल्ले. दोघी बोलत बसल्या. एकीची भाषा दुसरीला निम्मी कळत होती, पण थांबायला कोणी तयार नव्हती.

सकाळी सखारामनं विचारलं, "बाय, निघायचं ना?"

भागी चुलीपुढं बसून म्हणाली, "तू हो पुढं, दादा. आईला सांग, बरी हाय. आणि पाठवायचा असला तर पाटा पाठव. ह्यो इथला गुळगुळीत झालाय."

पुढच्या रजेत मी बापसाला सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाकडनं कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. त्यानं विडी पेटवली. मला वाटलं, आता बोलणी ऐकायला लागणार. त्यानं एवढंच विचारलं, "हुंकार मोठ्यानं दिला का तिनं?" म्हटलं, अंगात ताकद होती तेवढ्यानं दिला. "मग झालं," म्हणाला आणि उठून गुरांकडं गेला.

त्यानंतर दर पौषात आमच्या अंगणात रस्सा झाला. भागी प्रत्येक वेळी मीठ कमी म्हणाली. दोन वर्षांमागं ती गेली. तिला इथंच, डोंगराच्या बाजूला अग्नी दिला. पोरं म्हणतात, बाबा, आता तुमचं इथं कोण आहे?

घर शाकारलंत, चांगलं केलंत. त्यात दिवा लावा, तुमची पोरंबाळं तिथं वाढू देत. मला त्या घराची आठवण येते, रोज येते. पण भागी जिथं राहिली, ते माझं घर. राहायचं ठरवताना तिनं कोणाला विचारलं नव्हतं. मीही तुम्हाला विचारत नाही.