ज्या विहिरींसाठी नियम नव्हता

परब सरांची आणि माझी पहिली भेट डिचोलीच्या कॉलेजात झाली. धारगळहून स्कूटरने धापा टाकत पोचलेल्या मला त्यांनी आधी पाणी दिले आणि विचारले, "तुमच्या घरची बांय उन्हाळ्यात आटते काय गो?" संगणकाच्या प्राध्यापकांना विहिरीशी काय करायचे, असे मला वाटले. त्यांचे संशोधनच विहिरींवर आहे, हे मागाहून कळले.

जुन्या नोंदींवरून कोणती विहीर आटेल हे संगणकाला ओळखायला शिकवायचे, हे आमचे काम. 'उथळ, खाणीजवळ, जांभ्यातली' अशी लक्षणे एकत्र आली की विहीर आटते, असे हजारो नियम तो काढून देई. त्यांतले उपयोगी निवडण्यात सरांची उमेदीची वर्षे गेली. मी मात्र उतावळी. सर आजारपणाच्या रजेवर असताना मी सर्वांत अचूक शंभर नियम घेतले, त्यांवरून आटणाऱ्या विहिरींची यादी केली आणि त्यांना न दाखवताच एका पंचायतीला दिली. तिच्यावरून टँकर सुरू झाले.

महिन्याभरात त्या गावात सभा बसली; रजेवरून परतलेले सर आणि मी दोघेही गेलो. खाणीवरच्या कामासाठी सिंधुदुर्गातून आलेल्या शेवंतीबाई उभ्या राहिल्या. "आमची बाव आटली. टँकर रोज येता, पण आमच्या दारात थांबणा नाय. कॉम्प्युटरात आमचा नाव नाय म्हणतत."

कोणी माझ्याकडे बघण्याआधीच सर उठले. "यादी माझी, चूकही माझी," एवढेच म्हणाले. लोकांनी त्यांना नको नको ते सुनावले. मी बसल्या जागी तक्रारी वहीत उतरवत राहिले.

परतल्यावर ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी कागद पुढे ओढला. "अगो, तुझे बहुतेक नियम त्याच त्या विहिरींविषयी बोलतात. एक नियम घेतलास की त्यातल्या विहिरी बाजूला ठेव आणि उरलेल्यांसाठी कोण बोलतो ते बघ. मोजक्याच विहिरींना लागू पडतो म्हणून नियम टाकाऊ होत नाही." तसे केल्यावर शेवंतीबाईंच्या वस्तीसाठीही एक छोटा नियम सापडला. तिथे पहिला टँकर गेला तेव्हा सर स्वतः नळी धरायला गेले आणि चिंब भिजून परतले.

आज मी विद्यार्थ्यांना सरांची हीच पद्धत शिकवते, पण त्या सभेविषयी मी कोणालाच सांगितलेले नाही. त्या गावात अजूनही कोणी "ह्याच सरांनी आमचे पाणी चुकवले" म्हणतो, आणि सर हसून सोडून देतात. मला ते सहन होत नाही. त्यांच्या साठीनिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ त्या गावच्या वाचनालयातही जाणार आहे, म्हणून इथे लिहिते. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यातल्या एकाही दिवशी माझ्या चुकीचे ओझे त्यांच्यावर नसो. ती यादी माझी होती.