ठमामायचं वाक्य

ठमामायला एका दमात वाक्य पुरं करता येत नसे, आणि दुसऱ्याने ते पुरं केलेलं तिला खपत नसे. "काल मी बाजारातून..." एवढं बोलून ती छातीवर हात ठेवायची आणि श्वास ओढायची. कुणी मदत म्हणून "भाजी आणली?" म्हटलं की संपलंच. "वाक्य माहं हाये, मीच पुरं करीन," म्हणत ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तिच्याशी बोलायला बसायचं तर सगळी सकाळ मोकळी हवी.

अमरावतीत ज्या गल्लीत मी नुकतीच वैद्यकी मांडली होती, तिच्या टोकाला रेच्यांची पडवी होती. कुठल्याशा परमुलखात लढाई पेटली होती आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला होता. कापसातून सरकी काढणारे लाकडी रेचे कार्तिकी पुनवेनंतर पावसाळ्यापर्यंत करकरत असत. संध्याकाळी बायका बाहेर पडत त्या भुवयांपासून पदरापर्यंत पांढऱ्या होऊन. त्या पिठासारख्या धुळीचं कुणालाच काही वाटत नसे. एवढा मऊ कापूस, तो कुणाचं काय बिघडवणार, असं मलाही वाटे.

माझं औषध ठरलेलं: अडुळसा, मध आणि आराम. पहिली दोन ठमामाय मुकाट घेई. तिसऱ्यावर एकदा तिने दम घेत घेत मला चांगलंच धारेवर धरलं. "वैद्यबुवा, रोज काम करते तवा दम लागते, पन चालून जाते. बाजाराच्या दिवशी रेचे बंद, म्हनून घरी बसते. अन दुसऱ्या दिवशी..." मी ओठ मिटून वाट पाहिली. "दुसऱ्या दिवशी पडवीत बसली का छाती आवळून येते, जशी दोरीनं बांधली. मंग सांगा, मले कोन मारून राहिलं? काम का आराम?"

मला हसू आलं होतं. तरी पुढचे चार-पाच आठवडे मी मुद्दाम पडवीत जाऊन पाहिलं. बाई खरं बोलत होती. सुटीच्या दुसऱ्याच दिवशी ती सर्वांत जास्त घुसमटे, मग हळूहळू सावरे. मलाही पोथीत आधार सापडला: अंग स्वस्थ बसलं की कफ साचतो. मी ऐटीत सांगितलं, "ठमामाय, तुमचं बरोबर. कामात खंड पाडू नका."

वैद्याला हरवल्याचा तिला कोण आनंद झाला. तिच्या गावाहून, वलगावहून, मुलगा आला की तुरीच्या शेंगांचा वानोळा आधी माझ्या ओट्यावर येऊ लागला. "वैद्यबुवा सोता म्हनते," असं सांगून तिने साऱ्या बायांना पटवलं. पडवीच्या मालकाला तर हवंच होतं. बाजाराच्या दिवशीही रेचे फिरू लागले. माझ्या अकलेचे दिवे असे पडवीभर लागले.

पावसाळ्यात पडवी बंद असे आणि ठमामाय वलगावला जाई, त्यामुळे त्या दिवसांतली ठमामाय मी कधी पाहिलीच नव्हती. चौथ्या वर्षी कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेत ती भेटली. डोक्यावर गाठोडं घेऊन नदीवरून पायऱ्या चढून आली आणि मला पाहताच सुरू झाली, "काहो वैद्यबुवा, एवढे शिकले अन उघड्या डोक्यानं उन्हात फिरून राहिले, घरी कोनी सांगनारं नाई का, अन गालाची हाडं कावून दिसून राहिली, जेवता का नाई?"

मी सवयीने ती थांबायची वाट पाहत होतो. ती थांबलीच नाही.

मी तिथेच मनाशी दिवस मोजले. चार महिने आराम, आणि छाती मोकळी. म्हणजे दोष आरामाचा नव्हता, धुळीचा होता. एक दिवस स्वच्छ हवा मिळालेली छाती धुळीत परतली की बंड करी आणि पुढचे दिवस निमूट सोसत राही. त्या सोसण्यालाच आम्ही दोघं बरं होणं समजत होतो.

मी हात जोडून म्हटलं, "ठमामाय, यंदा रेच्यावर बसू नका. ती धूळ वाईट आहे."

ती हसली. "कापसानं कोनी मरते का, बाप्पा? तुमीच म्हनले ना, खंड पाडू नोका. आता तुमीच फिरून राहिले?"

त्या हंगामात मी पडवीत जाऊन माझंच बोलणं खोडत फिरलो. काही बायांनी नाकाला ओलं फडकं बांधलं, काहींनी बाजाराची सुटी परत मागून घेतली. ठमामाय मात्र माझ्या जुन्या शब्दाला धरून राहिली. माझ्यावरचा तिचा तो विश्वास मला आजही डाचतो. दम लागतो म्हणून कुणी आलं, की नाडी धरण्याआधी मी विचारतो, "काल कुठे होतात? परवा कुठे होतात?"

दोन वर्षांनी वलगावहून निरोप आला. मी गेलो तेव्हा ती बाजेवर उशाला टेकून बसली होती. मला पाहून तिने मुलाला पाणी आणायला पाठवलं. मग म्हणाली, "वैद्यबुवा, जत्रेत तुमी म्हनत होते ते..." आणि छातीवर हात ठेवून श्वास ओढू लागली.

पुढचा शब्द मला ठाऊक होता. पण वाक्य तिचं होतं. तिचा हात हातात घेऊन मी दिवेलागणीपर्यंत वाट पाहत बसलो, आणि ते पुरं केलं नाही.