मारुतीच्या कमरेपर्यंत

नाशिकात गोदावरीला पूर आला की पाणी किती फूट चढलं, असं कुणी विचारत नाही. नदीत उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, एवढंच विचारतात. त्या वर्षी परदेशातले सगळे नाशिककर हे आमच्या वेबसाइटला विचारत होते, आणि वेबसाइट उघडत नव्हती.

स्थानिक बातम्यांची छोटी साइट, भाड्याचा एक सर्व्हर, आणि त्यातलं कळणारा मी एकटा. मालक डोक्यावर उभे. आई पलीकडे, घाटामागच्या गल्लीत एकटी. मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं की ते आमच्या गल्लीत शिरणार, हे ठरलेलं. पूल बंद झाले होते आणि आईचा फोन सारखा एंगेज. रडावं की सर्व्हर बघावा, मला कळेना.

सर्व्हर दर माणसामागे तोच प्रोग्राम पहिल्यापासून वाचत होता, तीच माहिती डेटाबेसमधून पुन्हा उपसत होता. दर पाहुण्याला नव्याने कणीक भिजवण्यातला प्रकार. प्रोग्रामचा तयार बाइटकोड, म्हणजे भिजवून ठेवलेली कणीकच, मेमरीत राहील अशी सोय मी केली. फरक पडला, पण पुरेना. मग माहितीही कॅशमध्ये ठेवली, म्हणजे एकदा आणलेली तीच सगळ्यांना वाढायची. किती वेळ? वैतागून तासभराची मुदत टाकली. पान झटकन उघडलं. मालकांनी चहा मागवला.

तेवढ्यात आमच्या बातमीदाराचा फोन आला, "गळ्याला लागलं!" मी लगेच तसं भरलं. पान उघडलं, तर पाणी कमरेपर्यंतच. तासाची मुदत संपेपर्यंत कॅश जुनंच दाखवणार होती. इतक्यात दुबईहून धाकट्या बहिणीचा फोन.

"दादा, आता काय मस्त उघडतेय रे तुझी साइट! केव्हाची आईशीच बोलत होते. निघते म्हणत होती. गुडघे धरून कुठे जाणार ती? म्हटलं कमरेपर्यंतच आहे, बस घरात."

"अगं, गळ्याला..." फोन कट. मोबाइलची रेंजच गेली. ऑफिसच्या फोनवरून आईला लावला, पुन्हा एंगेज.

मी सगळी कॅश पुसली, बंदच करून टाकली. त्यासरशी सगळी गर्दी डेटाबेसवर कोसळली आणि साइट आडवी झाली. खरं पाणी आता कुणालाच दिसत नव्हतं. मी आईचा नंबर फिरवत राहिलो. एंगेज. एंगेज. सर्व्हरला, मारुतीला, स्वतःला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

शेवटी ऑफिसचा फोन वाजला. बहीणच. धाप लागली होती तिला.

"तुझी साइट एकदम मेली रे! मघाशी पळत होती. म्हटलं काहीतरी भयंकर झालंय. आईला ओरडून ओरडून उठवलं. ऐकेचना, मग शेजारच्या काकांना बोलवायला लावलं. त्यांनी उचलून गच्चीवर नेली. घरात पाणी शिरलंय, दादा."

मागून मालक ओरडत होते, "अरे, साइट बंद आहे! साइट बंद आहे!"

मी त्या पांढऱ्या स्क्रीनपुढे बसून ढसाढसा रडत होतो.