कावळ्याचं पान

माझी बहीण कॅनडात असते आणि तिच्या अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यात रॅकून जेवतात. रॅकून म्हणजे मांजराहून थोराड, डोळ्यांवर चोरासारखी काळी पट्टी असलेला प्राणी. बहीण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोबाइल बाहेर काढते आणि आईसकट चार पिल्लं एका फोटोत मावतात. बाबांनी सांगलीत त्या फोटोंच्या प्रिंट काढून घेतल्या आणि शोकेसमध्ये नातवंडांच्या शेजारी लावल्या. मग दर रविवारी मला फोन. "तुझ्या वाळवंटात काही आहे की नाही?"

होतं ना! इथे आखातात, रास अल खोरला आमच्या कंपनीचं गोदाम आहे. त्याच्या मागे मोडक्या लाकडी पॅलेटच्या ढिगाखाली कोल्ह्यांचं कुटुंब राहायचं. मी भारीतली लेन्स घेतली, मातकट टोपी घेतली आणि रोज ऑफिसच्या आधी तासभर तिथे टाय लावून धोंड्यासारखा बसू लागलो. दोन महिन्यांत एक शेपूट मिळाली, तीही हललेली. ती बाबांना पाठवली. "शेपूट छान," एवढंच त्यांनी कळवलं. पंधरा दिवसांनी ते गेले. थोरल्या मुलाने बापाला शेवटचं काय दिलं, तर कोल्ह्याची अर्धी शेपूट. मला ते वर्षभर सलत राहिलं.

वर्षश्राद्धाच्या वेळी आई आमच्याकडे होती. मला रजा नव्हती, म्हणून ऑफिसच्या आधी उरकायचं ठरलं. तिने पहाटे उठून खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी आणि कारल्याची भाजी केली. बाबांनी जन्मात कारलं तोंडात घातलं नव्हतं, पण श्राद्धाला ते लागतंच, तिथे पितरांची आवड कोण विचारतो?

जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या बाविसाव्या मजल्यावर कावळा येत नाही. खाली तळ्याकाठी पान ठेवलं, तर सिक्युरिटीवाला धावत आला. "सर, इधर बर्ड फीडिंग अलाउड नहीं है."

आई मला म्हणाली, "त्याला सांग, बर्ड नाहीत, माझे यजमान आहेत."

मी पान उचललं, आईला जेवणाचा डबा मांडीवर देऊन गाडीत पुढे बसवलं, बारा वर्षांच्या लेकीला मागे, आणि थेट गोदाम गाठलं. तिथे कावळ्यांना तोटा नाही. आईची मधुमेहाची गोळी सवयीने उपाशीपोटीच घेऊन झाली होती आणि कावळा शिवल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेणार नव्हती. चौऱ्याहत्तर वय. तिच्या कपाळावर आलेला घाम मला एसीतही दिसत होता.

पॅलेटच्या ढिगापासून दहा पावलांवर मी पान मांडलं. एक कावळा कंटेनरवर बसून बघत होता. हलेना.

"बाबा, दॅट्स लिटरिंग," लेक मला म्हणाली.

"काहीतरी राहिलंय ह्यांचं," आई गाडीतूनच म्हणाली. "वचन दे."

कावळा शिवत नसेल तर गेलेल्याची इच्छा ओळखून वचन द्यायचं, ही आमच्याकडची रीत. मी हात जोडून कंटेनरपुढे उभा राहिलो. "आईला सांभाळेन." कावळ्याने मान फिरवली. "सांगलीचं घर विकणार नाही." त्याने पंख साफ केला. "हिला मराठी वाचायला शिकवेन."

"एक्स्क्यूज मी, आय डिडन्ट अग्री टु धिस," गाडीतून आवाज आला.

शेजारच्या गोदामातला ट्रकवाला शांतपणे चहा पीत हे सगळं पाहत होता. "यल्ला हबीबी, उड के आ जा," तोही कावळ्याला म्हणाला. कावळा ढिम्म.

आईचे ओठ सुकले होते. मी घाबरलो आणि खरं होतं ते बोलून टाकलं. "बाबा, कोल्ह्यांच्या कुटुंबाचा फोटो काढतो. आख्खा काढतो. शेपटीचा नाही."

पॅलेटखाली खुडबुड झाली. मोठ्या कानांची कोल्हीण बाहेर आली, मागून तीन पिल्लं, आणि सरळ पानाकडे.

कॅमेरा गाडीत होता. पण पान उष्टं झालं तर कावळा काय शिवणार आणि आई काय जेवणार? हाकलायला मी दगड उचलला.

"दगड खाली टाक, मेल्या!" आई काचेआडून ओरडली. "फोटो काढ!"

लेकीने गाडीच्या खिडकीतून कॅमेरा माझ्या हातात कोंबला. मी काढत राहिलो. मला रडू येत होतं, त्यामुळे फोकस कॅमेऱ्यावरच सोडला. पिल्लांनी वडे पळवले, कोल्हिणीने खीर चाटून पुसून संपवली.

"दे आर नॉट ईटिंग द कारलं," लेक कुजबुजली.

आई काचेला नाक लावून बघत राहिली. कोल्हिणीने कारलं हुंगलं, शिंकली आणि पायाने बाजूला सारलं. आईने पदराने डोळे पुसले, मांडीवरचा डबा उघडला आणि वडा मोडून तोंडात घातला.

"सो आजी, दॅट्स आजोबा?" लेकीने मोठ्याने विचारलं.

"हळू बोल," आई म्हणाली. "जेवताना बोललेलं त्यांना खपत नाही."