शेवटच्या पानावर आई येते

मंगळवारी सकाळी गोव्याच्या इस्पितळातून फोन आला. माझी बहीण गेली होती. तिची मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती आणि शेजारच्या घरी घावणे खात बसली होती.

संध्याकाळी बहिणीला गावात आणले. मुलीला त्याआधीच वाडीतल्या दुसऱ्या टोकाच्या घरी नेऊन ठेवले होते. पंधरा दिवस तिला सांगितले जात होते की मम्मी गोव्याक गेली हा, बरी होऊन येतली. त्या मंगळवारनंतरही तेच सांगितले जाऊ लागले. तिची आजी, म्हणजे माझ्या बहिणीची सासू, चुलीपाशी बसून मला म्हणाली, "त्या चेडवाक काय समाजतला? वाढला काय आपसूक कळतला." भेटायला येणारी माणसे मुलीसमोर "गेली बिचारी" म्हणत, आणि मुलगी त्यांना समजावून सांगे की गोव्याक गेली हा.

मी गावच्या वाचनालयात काम करते. मोठी माणसे आपली पुस्तके आपण निवडतात, पण लहान मुलांसाठी काय न्यावे हे मला विचारतात, आणि हे सांगणे मला जमते असा माझा समज होता. दीड-दोन वर्षांच्या मुलाला जाड पुठ्ठ्याची पाने द्या, एका पानावर एकच वस्तू, कारण ते पुस्तक चावणारच आहे. तिसऱ्या वर्षी एकच ओळ पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट द्या, म्हणजे चौथ्या वेळी ती ओळ मूलच म्हणेल. वाचायला शिकणाऱ्याला मोठे अक्षर, चित्राखाली एक वाक्य, आणि शक्यतो जोडाक्षर नको. शब्द साधे हवेत. जे आहे ते त्याच्या नावाने म्हटलेले हवे. हे मी वर्षानुवर्षे सांगत आले आणि त्यात मला कधी अडचण आली नाही.

तेराव्यानंतर मेहुणे मुंबईला नोकरीवर परत गेले. आजीला दुपारी गुरे आणि बाग बघायची असे, म्हणून ती मुलीला बालवाडीतून थेट माझ्याकडे वाचनालयात पाठवू लागली. तीन ते सहा. मुलगी माझ्याकडे येते ती आजीच्या मर्जीने, हे मला पक्के ठाऊक होते. आजीने मनात आणले तर एका शब्दात ते बंद होईल, आणि मला बहिणीचे तेवढेच राहिले होते.

ती पहिल्यांदा येणार त्याच्या आदल्या दिवशी मी मुलांचे कपाट उघडले आणि तिला काय वाचून दाखवावे ते पाहू लागले. कोंबडीचे पिल्लू. हत्तीचे हरवलेले पिल्लू. बाजारात गेलेली आई. झाडाच्या ढोलीतली खार. मी प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचले. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आले नव्हते की लहान मुलांच्या निम्म्या गोष्टींत आई कुठेतरी जाते. आणि ती गेली की शेवटच्या पानावर येतेच. ती सगळी पुस्तके मी वरच्या फळीवर, जुन्या शब्दकोशांच्या मागे ठेवली. खाली राहिली ती वाहने, रंग, भाज्या, एक छत्री आणि आंघोळ न करणारी म्हैस.

तीन आठवडे आम्ही तेच वाचले. ती काही विचारील म्हणून मी जरा भरभर वाचत असे. एके दिवशी तिने भाज्यांचे पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवले.

"मावशे, माका ह्या नको. ह्येच्यात कोणच नाय."

आमच्याकडे एक मासे विकणारी बाई दर शनिवारी नातवासाठी पुस्तक नेते. तिला वाचता येत नाही. चित्रे बघून ती आपली गोष्ट रचते, आणि नातू म्हणतो की आजीची गोष्ट दर वेळी वेगळी असते. त्या शनिवारी ती रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून आत आली आणि बराच वेळ कपाटासमोर उभी राहिली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाईनू, तुमच्या कपाटातल्यो आवशी खंय गेल्यो?"

मला आधी समजले नाही. ती हसत म्हणाली की एकही आई नाही, कोंबडी नाही, हत्तीण नाही, नुसती वांगी आणि ट्रक. आता नातवाला रात्री काय वांग्याची गोष्ट सांगू? मी हळू आवाजात तिला थांबवायला गेले, पण मुलगी तिथेच चटईवर होती आणि ऐकत होती. शब्दकोशांच्या मागून कोंबडीचे पुस्तक काढून दिल्याशिवाय सुटका नव्हती. मी ते बाईला देणार, तेवढ्यात मुलीने हात पुढे केला. बाईने ते आनंदाने तिला दिले, स्वतः ट्रक घेतला आणि निघून गेली.

मी वाचले. आई दाणे आणायला गेली, ही ओळ मी घाईने वाचली आणि पान उलटले. मुलीने ते पाहिले. पुढे पिल्लू बदकाला विचारते, शेळीला विचारते, आणि शेवटच्या पानावर आई येते. मुलीने त्या पानावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सोमवारपासून ती वेगळे वागू लागली. कोणतेही पुस्तक दिले की ती आधी शेवटचे पान उघडायची. तिथे आई नसली की पुस्तक बाजूला. सगळे कपाट तिने असे दोन दिवसांत संपवले. घरीही ती कॅलेंडरची पाने उलटते, शेवटच्या पानावर बघते आणि रडते, असे आजीने मला सांगितले. असा कसला नाद तू लावलास, असेही विचारले.

मी आजीला म्हटले, "काकी, तिला सांगायला हवं." आजी म्हणाली की माझ्या घरात तसे कोणी सांगायचे नाही, आणि बाहेर कोणी सांगितले तर पोर घराबाहेर जाणार नाही. ती रागात नव्हती. थकलेली होती. मी परत आले आणि दोन दिवस काहीच केले नाही. सांगितले तर मुलगी जाईल, नाही सांगितले तर ती पाने उलटत राहील. जेवताना, कुलूप लावताना, माझ्या डोक्यात एवढे एकच चाले.

शुक्रवारी ती आली. माझे रजिस्टर उलटे करून तिने शेवटचे पान काढले. ते कोरे होते.

"मम्मी शेवटच्या पानार येतली मा?"

मी खाली चटईवर बसले. कोणता शब्द वापरायचा ते मी दोन दिवस शोधत होते. 'गेली' चालणार नव्हता, कारण कोंबडीही गेली होती आणि आली होती. 'देवाघरी' म्हटले असते तर तिने ते घर कुठे, एसटी जाते का, हे विचारले असते. उरलेला शब्द आम्ही कुत्र्यामांजरांसाठी वापरतो, आणि रागाच्या भरात बायका एकमेकींना म्हणतात. माणसासाठी, आपल्या माणसासाठी, तो तोंडातून निघत नाही.

"नाय गो," मी म्हटले. "मम्मी आता गोव्यात नाय. डॉक्टरांनी औषधां दिल्यानी, तरी ती बरी होवक नाय. मम्मी मेली. मेलला माणूस परत येणा नाय."

तिने माझ्याकडे पाहिले. "उद्या?"

"उद्यापण नाय."

"मगे पप्पाक कोणी सांगूक व्हया," ती म्हणाली. पप्पांना ठाऊक आहे म्हटल्यावर ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. सगळ्यांना ठाऊक होते, हे तिला जास्त लागले असावे. सहा वाजेपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. एक माणूस वर्तमानपत्र वाचायला आला आणि दारातूनच परत गेला.

आजीला मी स्वतः जाऊन सांगितले. तिने एवढेच विचारले, "माझ्या सुनेक तू मेली म्हटलस?" मी हो म्हटले. तिने माझ्याकडे पाठ केली आणि माजघरात गेली. तिचे रडणे मला बाहेर ऐकू आले. बहीण गेल्यापासून मी तिला रडताना पाहिले नव्हते.

महिनाभर मुलगी आली नाही. तीनच्या सुमाराला मी स्वतःला कामात गुंतवून घेत असे, तरी रस्त्यावर चप्पल वाजली की वर बघत असे. मग एका शनिवारी आजी तिला हाताला धरून घेऊन आली. आत आली नाही. पायरीवर उभी राहून म्हणाली की मुलगी आता पाने उलटत नाही, पण प्रश्न फार विचारते, आणि मला उत्तरे देववत नाहीत. शनिवारी पाठवीन, बुधवारी पाठवीन, रोज नाही.

मुलगी आता पहिलीत आहे. बोट ठेवून वाचते, जोडाक्षर आले की माझ्याकडे बघते. माझ्याकडे बुधवार आणि शनिवार आहेत, तीन ते सहा.